छतावरची लाल कुपी

मे महिन्यात अमरावतीला मुक्काम पडला की दुपारी एकच काम उरतं, पाठ टेकून छताकडे बघत राहणं. बाहेर राजकमल चौकात चिटपाखरू नाही, हॉटेलच्या खोलीत कूलरची घरघर. अशाच एका दुपारी छतातून खाली डोकावणाऱ्या पितळी तोटीवर माझी नजर खिळली. तोटीखाली फुलासारखी कातरलेली एक चकती, आणि दोन्हींच्या मध्ये काडीएवढी काचेची कुपी. कुपीत कुंकू कालवल्यासारखं लाल पाणी, त्यात एक बारीक बुडबुडा.

चहा घेऊन आलेल्या पोऱ्याला विचारलं, हे काय आहे रे? त्याने मान वर केली. "आग लागली का पानी पडते म्हन्ते साहेब. आपल्या टायमाले तं नाही पडलं अजून."

तेवढंच मलाही माहीत होतं. पाणी पडतं. पण खोलीत आग लागलीय हे कळतं कुणाला, आणि तोटी उघडतं कोण? मी आपला समजत होतो की खाली काउंटरमागे एखादं यंत्र असेल, त्याची बटणं असतील. खरं उत्तर समजलं तेव्हा चष्मा पुसून त्या कुपीकडे पुन्हा एकदा पाहिलं.

उत्तर असं की, तोटी कुणीच उघडत नाही. तार नाही, वीज नाही, बॅटरी नाही. छतातल्या नळात पाणी कायम दाबाखाली भरलेलं असतं. त्याच्या तोंडाशी बूच, आणि बुचाला खालून टेकू म्हणून ही कुपी उभी. पाणी वर्षानुवर्षं ढकलतंय, काच वर्षानुवर्षं थोपवतेय. खाली आग लागली की तापलेली हवा सरळ वर जाते, छताशी पसरते आणि कुपीला वेढते. आतला द्रव फुगू लागतो. फुगायला जागा कुठे? त्या बुडबुड्याची. बुडबुडा आक्रसत आक्रसत नाहीसा होतो, मग जागाच उरत नाही, आणि काचेचा भुगा होतो. टेकू गेला, बूच उडालं, पाण्याची धार चकतीवर आपटून छत्रीसारखी पसरली. एका तोटीतून मिनिटाला साधारण ६० ते ८० लिटर.

म्हणजे या सगळ्या यंत्रणेचा मेंदू कुठे असेल तर त्या बुडबुड्यात. तो थोडा मोठा ठेवला तर कुपी उशिरा फुटते, लहान ठेवला तर लवकर. लांबून ओळखता यावं म्हणून द्रवाला रंग देतात. नारिंगी कुपी ५७ अंशांना फुटते, लाल ६८ ला, पिवळी ७९ ला, हिरवी ९३ ला आणि निळी थेट १४१ ला. सिनेमात एका खोलीत काडी ओढली की अख्ख्या हॉटेलात पाऊस पडतो, तो दिग्दर्शकाच्या सोयीचा पाऊस. प्रत्यक्षात जिच्याभोवतीची हवा तापली तीच कुपी फुटते, शेजारच्या खोलीतली तशीच उभी राहते. बऱ्याच आगी एक-दोन तोट्यांतच आटोपतात.

आता वऱ्हाडाचा प्रश्न. अकोल्यात पारा ४७ च्या वर गेलेला आहे, हे अकोलेकरांना सांगायची गरज नाही. ते बाहेरच्यांना अभिमानाने सांगतात. कुपी निवडायचा ढोबळ नियम असा की, ती जिथे लावायची तिथली जास्तीत जास्त उष्णता धरा आणि त्यात तीसेक अंश मिळवा. एसी चालू असलेल्या खोलीत लाल कुपी ठीक. पण टिनाचं छत, खाली दोन भट्ट्या आणि तंदूर, मे महिना, वीज गेलेली आणि एक्झॉस्टचा पंखा बंद, असा भटारखाना डोळ्यांपुढे आणा. छताला लागून असलेली हवा आग न लागताच साठीला टेकते. तिथे लाल कुपी लावली तर एखाद्या दुपारी ती उगाचच फुटेल आणि वरणाच्या पातेल्यात पाऊस पाडेल. मग मालक वैतागून वरचा व्हॉल्व्हच बंद करून टाकणार, आणि खरी आग लागेल तेव्हा नळ कोरडा. म्हणून भटारखान्यात हिरवी हवी. रंग चुकला म्हणजे सगळंच चुकलं. पुण्या-मुंबईच्या हवेला धरून केलेला हिशेब अकोल्यात जसाच्या तसा चालत नाही, तो असा.

आणि ही तोटी आली कुठून? इथे मला खरी गंमत वाटली. हेन्री पार्मेली नावाचा एक पियानो बनवणारा अमेरिकेत न्यू हेवनला होता. त्याने १८७४ मध्ये आपला कारखाना आगीपासून वाचवायला अशी आपोआप उघडणारी तोटी केली. तेव्हा काचेची कुपी नव्हती, कमी उष्णतेला वितळणारं डाख होतं. पुढे फ्रेडरिक ग्रिनेलने ती सुधारली. पण ही तोटी मोठी झाली, नावारूपाला आली ती पियानोमुळे नाही, कापसामुळे. सूतगिरण्यांत हवेत कापसाचा भुगा तरंगत असायचा, लाकडी जमिनी तेलाने माखलेल्या असायच्या, आणि एक ठिणगी पुरायची. आधी अमेरिकेतल्या आणि मग लँकेशायरमधल्या गिरण्यांनी ही तोटी उचलून धरली. मँचेस्टरच्या मेदर अँड प्लॅट कंपनीने १८८३ मध्ये अमेरिकेबाहेरचे हक्क घेतले. पंपांमुळे हे नाव आपल्याकडेही ओळखीचं; पुढे त्यांचा कारखाना चिंचवडला उभा राहिला.

त्याच लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, कापूस मिळेनासा झाला आणि सगळ्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. खामगावचा कापूस बंदरावर न्यायला जलंबपासून रेल्वेचा खास फाटा टाकला आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. अमरावतीला बडनेऱ्याहून जाणारा फाटाही त्याच कामासाठी. तेव्हा अमरावतीतल्या त्या खोलीत छताला लटकलेली लाल कुपी मला परकी वाटेना. आपलाच कापूस जळू नये म्हणून साता समुद्रापार निघालेली युक्ती दीडशे वर्षांनी फिरून आपल्याच गावी आली होती, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो.

कापसाची आग वऱ्हाडाला नवी नाही. जिनिंगवाल्या कुणालाही विचारा. कापसात चुकून आलेला एक खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात घासतो, ठिणगी पडते, आणि ती ठिणगी रुईच्या पोटात शिरून बसते. वरून काही दिसत नाही. दाबून बांधलेली गाठसुद्धा आतल्या आत दिवसचे दिवस धुमसत राहू शकते. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर हेच झालं. त्याच्या पोटात कापसाच्या गाठी आणि त्याच खणात दारूगोळा. कापूस पेटला, दुपारभर विझवायची धडपड चालली, आणि चारच्या सुमाराला जहाज उडालं. शेकडो माणसं गेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या आठवणीत १४ एप्रिलपासून देशभर अग्निसुरक्षा सप्ताह पाळतात. नेमका तो आठवडा वऱ्हाडात ऊन चटके द्यायला लागण्याचा.

हॉटेलचा आणि कापसाच्या गाठीचा काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे, आणि तो हॉटेलच्या मागच्या बाजूला, कपडे धुण्याच्या खोलीत आहे. भटारखान्यातले पुसणे, नॅपकिन, आचाऱ्याचे एप्रन. त्यांत सोयाबीनचं नाहीतर सरकीचं तेल मुरलेलं. ही दोन्ही तेलं वऱ्हाडातलीच, आणि दोन्ही हवेतला ऑक्सिजन हळूहळू शोषून घेणारी. शोषताना थोडी ऊब सोडतात. कढईत किंवा डब्यात ही ऊब निघून जाते, कळतही नाही. पण तेच तेल कापडाच्या हजारो धाग्यांवर पातळ पसरलं की हवेशी भिडणारं अंग कितीतरी पटींनी वाढतं. धुऊनही पुरतं न निघालेलं तेल, ड्रायरमधून काढलेले गरमागरम टॉवेल, आणि त्यांची थप्पी कोपऱ्यात रचून सगळे झोपायला गेलेले. थप्पीच्या मधल्या टॉवेलची ऊब बाहेर जायला वाट नाही. ऊब वाढली की तेल आणखी वेगाने ऑक्सिजन घेतं, मग आणखी ऊब. पहाटे तीनला थप्पी पेटते. काडी नाही, विडी नाही, शॉर्ट सर्किट नाही. ओल्या वैरणीची गंजी आतून तापते हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. तिथे सुरुवात जंतू करतात, इथे तेल करतं. उपाय अगदी फुकटचा आहे: टॉवेल पसरून थंड होऊ द्या, मग रचा.

आता भटारखान्यात जाऊ. मी पेटलेली कढई एकदाच जवळून पाहिली आहे, बसस्टँडजवळच्या एका लहान हॉटेलात. आलुबोंड्याचा घाणा उतरवून आचारी पैशांच्या भानगडीत गल्ल्याकडे गेला होता. भट्टी भगभगत राहिली. आधी तेलावर निळसर धूर आला, मग तो पांढरा आणि दाट झाला, आणि मग काही न करता, जणू कुणी फुंकर मारावी तशी, सगळ्या कढईवर ज्वाळा उभी राहिली. एक पोरगा तांब्या घेऊन धावला. आचारी तिकडून ओरडला, "पानी नोको टाकू! पानी नोको!" स्वतः येऊन त्याने आधी खाली वाकून गॅसची चावी फिरवली, मग कणकेची परात उचलून ती स्वतःच्या अंगापुढे ढालीसारखी धरत कढईवर सरकवली. वरून टाकली नाही, सरकवली. ज्वाळा कडेने दोनदा जीभ काढून गेली आणि संपली. परातीला हात लावायला गेलेल्या पोराला त्याने अर्धा तास जवळ येऊ दिलं नाही. "तेल अजून तापेल हाय. झाकन उचललं का पुन्हा पेटते थे."

त्या माणसाला रसायनशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण त्याचं एक एक पाऊल पुस्तकात सापडेल. बोंडे तळायला तेल १७५ ते १९० अंशांवर लागतं. ताजं रिफाइंड तेल साधारण २३० च्या पुढे धुरावतं. तापवतच राहिलं तर साडेतीनशेच्या पुढे कुठेतरी ते स्वतःहून पेट घेतं, खालच्या ज्वाळेने शिवण्याची गरज उरत नाही. पुन्हा पुन्हा तळलेलं काळं तेल त्याहून कमी उष्णतेला धुरावतं आणि पेट घेतं. जुन्या तेलाची एक सरकारी मर्यादा आहे: त्यातले बिघडलेले घटक २५ टक्क्यांच्या पुढे गेले की ते वापरायचं नाही. १ जुलै २०१८ पासून हा नियम लागू आहे. तो केलाय गिऱ्हाइकाच्या पोटासाठी, पण वाचतं त्याने छप्परही.

आणि पाणी? पाणी तेलापेक्षा जड. तांब्यातलं पाणी पेटत्या तेलावर थांबत नाही, खाली बुडी मारतं. खाली साडेतीनशे अंश. पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा मागते. एक पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाण्याची ३४० लिटर वाफ. रॉकेलचा मोठा ड्रम असतो ना, तसे दीडहून जास्त ड्रम, आणि तेही कढईच्या तळातून, डोळ्याचं पातं लवायच्या आत. ही वाफ वरचं तेल बारीक थेंबांत फोडून छतापर्यंत भिरकावते. प्रत्येक थेंबाभोवती हवा, प्रत्येक थेंब पेटलेला. कढईत जळत होता पृष्ठभाग, आता जळतंय सगळं तेल एकदम. पाणी आगीचं वैरी, पण तेलाच्या आगीशी त्याची अशी दोस्ती आहे.

मग मोठ्या भटारखान्यात काय करतात? इथे मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट येते. के-टाइप म्हणून ओळखलं जाणारं एक अग्निशामक असतं. त्यात पोटॅशियमच्या क्षाराचं पाण्यातलं द्रावण असतं. ते धारेने नाही, मऊ फवाऱ्याने तेलावर सोडतात. तापलेलं तेल आणि क्षार एकत्र आले की साबण होतो. खरोखरचा साबण. पेटत्या कढईवर फेसाची जाड साय धरते, हवा तोडते, आणि तिच्यातलं पाणी हळूहळू तेल थंड करत राहतं. पूर्वी कोरडी पावडर पुरायची, कारण प्राण्यांच्या चरबीत तळायचे आणि तिचा साबण चटकन व्हायचा. वनस्पती तेलं आली, उष्णता धरून ठेवणाऱ्या फ्रायरच्या भिंती जाड झाल्या, आणि विझलेलं तेल पुन्हा पेटू लागलं. म्हणून १९९४ मध्ये अमेरिकेत या यंत्रणांची कसोटीच बदलावी लागली.

आपल्या आज्या राखेने तेलकट भांडी घासायच्या. राखेत पोटॅशच असतो, आणि हाताखाली त्या नकळत थोडा साबणच करत असत. चुलीतली राख जे भांड्याचं करायची, तेच ही टाकी कढईचं करते. (म्हणून कुणी पेटत्या कढईवर राखेचं घमेलं ओतू नका. झाकण आणि चावी, घरात एवढंच.)

कढईवरची ज्वाळा छतापर्यंत गेली नाही तरी एका ठिकाणी मात्र ती सहज पोचते, आणि ते म्हणजे धुराडं. तळणाचा धूर दिसतो तो धूर नसतोच पुरता. त्यात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब असतात. डक्टच्या गार पत्र्याला लागले की ते गोठतात. रोज एक पापुद्रा. वर्षभराने त्या पत्र्याच्या आतून बोट फिरवलं तर मेणबत्तीसारखा चिकट थर लागतो. भट्टीच्या वर आडवे बसवलेले बॅफल फिल्टर असतात, पन्हाळीसारख्या उलटसुलट पट्ट्यांचे. त्यांची युक्ती साधी: वाट नागमोडी ठेवायची. हवा वळते, तेलाचा थेंब जड म्हणून वळू शकत नाही, पट्टीवर आपटतो आणि ओघळून खालच्या भांड्यात पडतो. पण हे फिल्टर धुतले नाहीत, किंवा 'पंखा नीट ओढत नाही' म्हणून काढून ठेवले, की डक्ट म्हणजे छतातून गच्चीपर्यंत गेलेली वात होते, आणि पंखा म्हणजे तिला घातलेली फुंकर. आग भटारखान्यात लागलेली असते आणि पहिली ओरड तिसऱ्या मजल्यावरून येते. शेंडगावच्या गाडगेबाबांच्या या जिल्ह्यात झाडूचं मोल मी काय सांगावं? बाबांनी धर्मशाळा बांधल्या, त्यांच्या स्वच्छतेवर ते किती कडक होते हे सगळ्यांना माहीत आहे. आजच्या हॉटेलांचा झाडू मात्र डोळ्यांना दिसेल तिथवरच फिरतो, पत्र्याच्या आत जात नाही.

गॅसचंही एक नवल सांगतो. लग्नसराईत आचाऱ्याच्या मोठ्या बर्नरला लावलेला निळा सिलिंडर पाहा, १९ किलोचा. भर मे महिन्यात त्याच्या खालच्या अर्ध्या अंगाला घाम फुटतो, कधी कधी बर्फाचा पातळ थर धरतो. आत गॅस द्रवरूपात असतो. त्याचा वायू व्हायला उष्णता लागते, ती तो सिलिंडरच्या पत्र्यातून ओढून घेतो. बर्नर मोठा, ओढ जास्त, म्हणून सिलिंडर गारठतो, आणि गारठला की गॅस कमी येतो. चिखलदऱ्याच्या डिसेंबरात तर विचारूच नका. मग कुणीतरी उकळत्या पाण्याची बादली आणतं आणि सिलिंडर त्यात उभा करतं. हे पाहिलं की माझ्या पोटात गोळा येतो. एक ऐवजी दोन-तीन सिलिंडर जोडून घ्यावेत, प्रत्येकावरची ओढ कमी होते, बर्फ धरतच नाही.

हा गॅस हवेपेक्षा जवळजवळ दुप्पट जड. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखा सरकत नाली शोधतो, तळघर शोधतो. नुसती खिडकी उघडून भागत नाही, दार उघडायला हवं. १९ किलोतून साडेआठ घनमीटरच्या आसपास वायू होतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या जवळ गेलं की ती हवा पेटू शकते. गुणाकार करून पाहा: दहा मीटर लांब, दहा रुंद, चार उंच असा सबंध हॉल भरेल एवढी पेटू शकणारी हवा एका सिलिंडरमध्ये मावते. आणि मुळात या गॅसला वासच नसतो. सडक्या कांद्यासारखी ती दुर्गंधी मुद्दाम मिसळलेली असते. १८ मार्च १९३७ ला अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावची शाळा बिनवासाच्या नैसर्गिक वायूच्या गळतीने उडाली, तीनशेच्या आसपास मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर वास मिसळणं सक्तीचं होत गेलं. आपल्या स्वयंपाकघरातला तो घाण वास त्या मुलांचं देणं आहे.

विजेच्या आगीवर फार लिहीत नाही, कारण 'शॉर्ट सर्किट' हे दोन शब्द प्रत्येक बातमीत असतातच. एवढंच सांगतो की बऱ्याचदा दोषी असतो तो सैल स्क्रू. प्रवाह दुप्पट झाला की सांध्यातली उष्णता चौपट होते. मार्चमध्ये जी वायर थंड असते तीच मे महिन्यात प्रत्येक खोलीत कूलर लागला की तापते, आणि सैल सांधा वीज तोडणाऱ्या एमसीबीला दिसत नाही. त्याला जास्त प्रवाह दिसतो, तापलेला स्क्रू दिसत नाही. त्यातून कूलरचा पंप बंद पडला, वाळ्याची किंवा लाकडाच्या भुश्श्याची ताटी सुकली, की सरपण तयार.

पण हॉटेलच्या आगीत माणसं आगीने कमी मरतात, धुराने जास्त. २१ नोव्हेंबर १९८० ला लास वेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात तळमजल्यावरच्या रेस्टॉरंटमध्ये भिंतीआडची वायर पेटली. ८५ माणसं गेली. त्यांतली बहुतेक कितीतरी वर, सोळाव्या मजल्याच्याही वर होती. ज्वाळा तिथवर गेल्याच नाहीत. जिने, लिफ्टची विहीर आणि एसीचे डक्ट यांतून धूर गेला. आणि आग लागलेल्या रेस्टॉरंटात त्या तोट्या नव्हत्या. इथे चोवीस तास माणसं असतात, आग लागली तर दिसेलच, म्हणून सूट दिली होती. आपल्याकडे २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिल्समध्ये गच्चीवरची दोन रेस्टॉरंट पेटली. चौकशीत ठपका हुक्क्याच्या निखाऱ्यावर आला. १४ जण गेले, अनेक जण स्वच्छतागृहात लपलेले सापडले. जागा कोणती, तर जुन्या कापड गिरणीचं आवार. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री गोव्यात हडफडे इथल्या क्लबमध्ये २५ माणसं गेली, त्यांतले बहुतेक तिथेच राबणारे कामगार. आणि अमरावतीलाही ऑगस्ट २०२१ मध्ये एका हॉटेलला आग लागली तेव्हा धुरात गुदमरून एक पाहुणा दगावला होता. त्यामुळे ही लांबची गोष्ट नाही.

धूर इतका झटपट का येतो याचं उत्तर गादीत आहे. अमेरिकेत अंडररायटर्स लॅबोरेटरीजने दोन खोल्या सजवल्या. एकीत जुन्या पद्धतीचं लाकूड-कापसाचं सामान, दुसरीत आजचं फोमचं. दोन्हीकडे मेणबत्तीने आग लावली. फोमची खोली चार मिनिटांच्या आत पुरती पेटली. जुन्या सामानाच्या खोलीला अर्धा तास लागला. पिंजाऱ्याने पिंजलेली कापसाची गादी धुमसते, खोकवते, पण जागं व्हायला वेळ देते. फोम तो देत नाही. शिवाय त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर सायनाइडही असतं. म्हणून खोलीत छताला धूर टिपणारी ती पांढरी वाटी लागते. तिच्या आत अंधार असतो, एका बाजूने प्रकाशाचा किरण, आणि डोळा असा बसवलेला की किरण त्याला दिसूच नये. धूर आत शिरला की किरण धुरावरून विखुरतो आणि डोळ्याला दिसतो. कौलातून आलेल्या कवडशात धूळ चमकते, अगदी तेच. सिगारेट ओढता यावी म्हणून त्या वाटीवर प्लॅस्टिकची टोपी चढवणारे पाहुणे मी पाहिले आहेत. सकाळी ती काढायची आठवण कुणाला राहत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यात जबाबदारी मालकावर किंवा जागा वापरणाऱ्यावर आहे, अग्निशमन दलावर नाही; हे बहुतेकांना उलटंच वाटतं. परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून, ती चालू आहे असं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा द्यायचं, जानेवारीत आणि जुलैत. नमुना 'ब' म्हणतात त्याला. मला विचाराल तर वऱ्हाडासाठी तिसरा महिना मार्च हवा, कूलर माळ्यावरून उतरतात तो.

तुम्ही मालक नसाल, नुसते मुक्कामाला उतरणारे असाल, तर तुमच्या हातात दोन मिनिटांचं काम आहे. बॅग ठेवल्यावर बाहेर या आणि आपल्या दारापासून जिन्यापर्यंत किती दारं लागतात ते भिंतीला हात लावून मोजा. धुरात पाटी वाचता येत नाही, दारं मोजता येतात. जिन्याचं दार उघडून पाहा, त्यामागे गाद्यांची चळत किंवा कुलूप असेल तर खाली जाऊन सांगा. खोलीतून निघावं लागलं तर दार ओढून घ्या. बंद दार धुराला अडवतं. बाहेर पडणंच शक्य नसेल तर दाराच्या फटीला ओला टॉवेल लावा, १०१ लावा, खिडकीत उभे राहा. त्या दुपारी मी मोजलं होतं. डाव्या हाताला सहा दारं, मग जिना.